वाट सांगणाराच फितूर असेल तर?

चार ठिकाणी विचारून मगच बातमी द्यायची, हे आम्हाला पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी चार नाही, पाच ठिकाणी विचारलं होतं. तरी तोंडावर आपटलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकलेत अशी कुणकुण लागली. पिग्मी गोळा करणाऱ्या एकाला विचारलं, तो म्हणाला हो, ऐकलंय खरं. पेठेतल्या एका दुकानदाराला विचारलं, तोही हो. एक माजी सदस्य, एक वकील, एसटी स्टँडवरचा एक जुना मित्र, सगळे हो. संध्याकाळी इथंच, याच भिंतीवर, चार ओळी टाकल्या. 'खात्रीलायक सूत्रांकडून' हे शब्द वापरले होते. सकाळी पतसंस्थेच्या दारात रांग लागली. त्या रांगेत आमच्या गल्लीतल्या एक आजी होत्या. नातीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यांनी मुदतीआधी मोडली, व्याज बुडालं. पतसंस्थेला मात्र काहीच झालेलं नव्हतं. नंतर मागोवा घेतला तेव्हा कळलं की माझ्या पाचही जणांना ही गोष्ट एकाच माणसाकडून आली होती, आणि त्याचं कर्जाच्या वसुलीवरून संचालकांशी वाजलं होतं. मी पाच तोंडं मोजली. बोलणारा एकच होता.

पोस्ट काढली, माफी मागितली. पण डोक्यातून गेलं नाही. दिवाळीत शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याहून आला होता, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "दादा, तुमच्यावर सिबिल अटॅक झाला." मला वाटलं बँकेच्या सिबिल स्कोअरबद्दल बोलतोय. म्हटलं, माझ्यावर कर्ज आहे पण हप्ता चुकलेला नाही बाबा! तर ते सिबिल वेगळं. त्यानं वाचायला दिलं आणि मी त्यात अडकलो. मी इंजिनिअर नाही, पण 'कुणाला विचारायचं आणि कुणावर विसंबायचं' हा माझ्या पोटापाण्याचाच प्रश्न आहे. संगणकवाल्यांनी तो गेली पन्नास वर्षं कसा सोडवायचा प्रयत्न केला, त्याची ही गोष्ट. लांबलीय, सवडीनं वाचा.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. ज्या जाळ्याला मालक नाही, मुख्य कचेरी नाही, तिथं निरोप एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा जातो. परगावी पत्ता विचारत जावं तसं. स्टँडवरचा माणूस चौकापर्यंत सांगतो, चौकातला देवळापर्यंत, देवळापाशी कुणीतरी घर दाखवतं. कुणालाच सगळा गाव माहीत नसतो, तरी आपण पोचतो. याला रूटिंग म्हणतात. यात एक गृहीत धरलेलं असतं, की वाट सांगणारा खरं सांगतोय.

हे गृहीतक किती नाजूक आहे ते इंटरनेटच्या आजोबांनाच, म्हणजे अमेरिकेच्या अर्पानेटला, कळलं होतं. १९७३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या वाटाड्या यंत्राची मेमरी बिघडली. ते यंत्र शेजाऱ्यांना सांगू लागलं की माझ्यापासून कुठल्याही ठिकाणाचं अंतर शून्य. झालं, जो तो आपला निरोप हार्वर्डकडे ढकलू लागला आणि तिथं तो गडप. २७ ऑक्टोबर १९८० ला याहून मोठा घोळ झाला. वाटांची ताजी माहिती देणाऱ्या निरोपांवर क्रमांक असायचा, मोठा क्रमांक म्हणजे नवा निरोप. एका यंत्रात बिट गळाले आणि एकाच निरोपाच्या तीन आवृत्त्या झाल्या. क्रमांक मोजायची पद्धत घड्याळासारखी गोल फिरणारी, त्यामुळे पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी नवी, आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी! सगळी यंत्रं हेच तीन निरोप एकमेकांना देत बसली आणि अख्खं जाळं काही तास बंद. लक्षात घ्या, या दोन्ही वेळी कुणी शत्रू नव्हता, नुसती यंत्रं बिघडली होती. मुद्दाम खोटं बोलणारा आला तर काय होईल?

हा प्रश्न नीट विचारला एका बाईंनी. रेडिया पर्लमन. १९८८ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात त्यांनी विषयच हा घेतला, की जाळ्यातली काही यंत्रं मेली नसून फितूर असतील तरी निरोप पोचवता येईल का? मेलेलं यंत्र ओळखणं सोपं, ते गप्प बसतं. फितूर यंत्र बोलतं, नीट बोलतं, आणि चुकीचं सांगतं. त्यांचं उत्तर होतं, हो, जमेल, पण जाळ्यात कोण कोण आहे त्याची यादी आणि प्रत्येकाची ओळख आधी पक्की हवी.

पुढची सगळी रामकहाणी या एका 'पण' वर अडलेली आहे.

१९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या पोरानं नॅपस्टर काढलं. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कुणाकडे काय आहे त्याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ च्या जुलैत ते बंद पडलं. यादी एका जागी होती म्हणून बंद पाडता आलं. त्याआधीच, मार्च २००० मध्ये, न्यूटेला आलं होतं. त्यात यादीच नव्हती. हवं ते गाणं शेजाऱ्यांना विचारायचं, शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना विचारणार. दवंडीच ती! बंद पाडणं अवघड, पण गाव मोठं झालं की दवंड्यांचाच गोंगाट होतो.

२००१ मध्ये यावर तोडगा निघाला, आणि एकाच वर्षात चार ठिकाणी निघाला. कॉर्ड, कॅन, पेस्ट्री, टॅपेस्ट्री अशी त्या चार पद्धतींची नावं. कल्पना अशी समजा की गावाची टेलिफोन डिरेक्टरी फाडून पान पान घरोघर वाटली. कुठलं पान कुणाकडे, ते गणितानं ठरतं. प्रत्येक संगणकाला एक भलामोठा क्रमांक, प्रत्येक माहितीलाही तसाच क्रमांक, आणि ज्याचा क्रमांक माहितीच्या क्रमांकाच्या जवळ त्यानं ती सांभाळायची. प्रत्येकाकडे जवळच्या शेजाऱ्यांचे पत्ते भरपूर आणि लांबच्यांचे मोजके. विचारत गेलं की प्रत्येक टप्प्याला अंतर साधारण निम्मं होतं. दहा लाख संगणकांच्या जाळ्यात फार तर वीसेक टप्प्यांत मुक्कामी पोचता येतं. ना मुख्य कचेरी, ना दवंडी.

कॉर्ड एमआयटीत तयार झालं. तिथल्या मंडळींत एक नाव हरी बालकृष्णन. हे मूळचे नागपूरचे, म्हणजे जन्म नागपुरातला. पुढे त्यांना मार्कोनी पुरस्कारही मिळाला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी किती जणांनी वाचली माहीत नाही. त्याच मंडळींतलं दुसरं नाव रॉबर्ट मॉरिस. होय, तोच. नोव्हेंबर १९८८ मध्ये विद्यार्थी असताना ज्यानं सोडलेल्या किड्यानं तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं लोळवली होती, त्यासाठी ज्याला ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला होता, तो मॉरिस आता प्राध्यापक झाला होता. आणि या नव्या जाळ्यांवर कसे कसे हल्ले होऊ शकतात, त्याची पहिली शिस्तशीर यादी २००२ मध्ये ज्या दोघांनी केली त्यांतला एक हाच मॉरिस, दुसरा त्याचा विद्यार्थी एमिल सिट. चुकीची वाट सांगणे, चुकीची वही देणे, नवख्याला भलत्याच जाळ्यात नेऊन सोडणे, सगळं त्या यादीत आहे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असं म्हणणार होतो, पण तो अन्याय होईल. एका चुकीतून माणूस काय शिकतो ते बघण्यासारखं आहे, इतकंच.

मार्च २००२ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला या विषयावर पहिली कार्यशाळा भरली. सिट आणि मॉरिसची यादी तिथलीच. त्याच कार्यशाळेत आणखी दोन निबंध वाचले गेले, आणि मला विचाराल तर बाकीचा इतिहास या दोघांतलं भांडण आहे.

पहिला निबंध मायक्रोसॉफ्टच्या जॉन डूसरचा. त्यानं विचारलं, एकच माणूस हजार नावं घेऊन जाळ्यात शिरला तर? जाळ्याला माणूस दिसत नाही, क्रमांक दिसतात. या हल्ल्याला 'सिबिल' नाव पडलं, एका अमेरिकन पुस्तकावरून. त्या पुस्तकातल्या बाईच्या एका शरीरात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदत होती. डूसरनं मांडून दाखवलं की ओळखपत्र देणारी कुठलीही मध्यवर्ती व्यवस्था नसेल, तर प्रत्यक्षात न घडणाऱ्या काही अटी सोडता, हा हल्ला पूर्णपणे रोखता येतच नाही. त्यातही एक बारकावा आहे, तो वाचताना मी दोन मिनिटं थांबलो. नव्या माणसाला आपण स्वतः न तपासता दुसऱ्यांच्या शिफारशीवर आत घेतलं, तर पुरेसे फितूर एकत्र येऊन वाट्टेल तितक्या खोट्या माणसांची शिफारस करू शकतात. माझा पिग्मीवाला, माझा दुकानदार, माझा वकील आठवले. फरक इतकाच की ते बिचारे फितूर नव्हते.

दुसरा निबंध पेटर मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांचा, कॅडेम्लिया नावाच्या पद्धतीचा. आज टोरेंटपासून आयपीएफएसपर्यंत आणि इथेरियममध्येसुद्धा याच पद्धतीचे वंशज चालतात. त्यातली मला आवडलेली गोष्ट साधी आहे. प्रत्येक संगणकाकडे पत्त्यांची वही असते, तिच्या प्रत्येक पानावर ठरावीकच जागा. पान भरलं आणि नवा कुणी आला तर काय करायचं? कॅडेम्लिया म्हणते, आधी पानावरच्या सगळ्यात जुन्या बोलण्यातल्या माणसाला हाक मार. त्यानं ओ दिली तर तोच राहील, नव्याला जागा नाही. जुना गेला असेल तरच नवा. न्यूटेलावरच्या आकडेवारीत दिसलं होतं की जो संगणक बराच वेळ चालू आहे तो आणखी बराच वेळ चालू राहण्याची शक्यता जास्त. म्हणून जुन्याला मान. पण याचा एक फायदा सुरक्षेचाही झाला. रातोरात हजार नव्या नावांनी घुसणाऱ्याला भरलेल्या वहीत जागा मिळत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी मिगेल कास्त्रो, पीटर ड्रशेल, आयलवाडी गणेश, अँटनी रोस्ट्रन आणि डॅन वॉलक या पाच जणांनी राखणीचा पहिला पुरा आराखडा मांडला. त्यांनी हिशेब साधा केला. समजा चारातला एक फितूर आहे आणि वाटेत पाच जणांच्या हातून निरोप जायचा आहे. पाचही जण प्रामाणिक निघण्याची शक्यता? पाऊण गुणिले पाऊण असं पाच वेळा करा, शेकडा २४ च्या आसपास येते. म्हणजे चारातले तीन निरोप वाटेत गडप. फितूर पाव गाव, नासाडी पाऊण गावाची.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तीन. एक, क्रमांक कुणाला स्वतः निवडू द्यायचा नाही, नाहीतर हल्लेखोर नेमका आपल्या सावजाच्या शेजारचा क्रमांक घेऊन बसतो. दोन, पत्त्यांची एक वही अशी ठेवायची की तिच्यात कोण येईल हे गणितानंच ठरेल, 'हा जवळचा आहे, वेगवान आहे' असल्या भुरळीला जागा नाही. तीन, निरोप पोचला का याची शंका घ्यायची, आणि शंका आली तर तो वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पाठवायचा. शंका घ्यायची रीत भारी आहे. आपल्या गल्लीत वीस वीस फुटांवर घरं आहेत. कुणी सांगू लागला की पलीकडच्या गल्लीत दोन दोनशे फुटांवर एकच घर, तर समजायचं हा मधली घरं लपवतोय. तसंच इथं. क्रमांक गणितानं वाटलेले असले की ते सगळीकडे सारखेच दाट असायला हवेत. उत्तरात आलेले शेजारी फार विरळ दिसले तर ते उत्तर फितुराचं. एवढं केलं तर पाव जाळं फितूर असूनही काम चालतं, असं त्यांनी दाखवलं.

पण क्रमांक कोण देणार? त्यांचं उत्तर होतं, एक विश्वासू कचेरी, जी सही करून ओळखपत्र देईल आणि त्याचे पैसे घेईल, म्हणजे हजार नावं घेणं महाग पडेल. मालक नको म्हणून सुरू झालेल्या कथेत मालक मागच्या दारानं परत आला! डूसरनं सांगितलेलंच खरं ठरत होतं.

राइस विद्यापीठाचे अतुल सिंग आणि त्यांचे सहकारी २००४ ते २००६ च्या सुमारास आणखी एका हल्ल्यावर काम करत होते. त्याचं नाव ग्रहण. यात हजार नावांचीही गरज नसते. थोडेच फितूर, पण तुमच्या वहीतले सगळे पत्ते त्यांचेच. मग तुम्ही कुणालाही विचारा, उत्तर त्यांचंच येणार. जाळं बाहेर धडधडीत चालू असतं, तुम्हाला फक्त ते दिसत नाही. त्यांची युक्ती अशी. थोड्या फितुरांना पुष्कळ लोकांच्या वह्यांत बसायचं असेल, तर प्रत्येक फितुराचं नाव सरासरीपेक्षा जास्त वह्यांत असणार. म्हणून मर्यादा घाला, एकाचं नाव अमुक इतक्याच वह्यांत. आणि हे तपासायचं तर विचारणाऱ्याचं नाव लपवून, तिसऱ्याच्या मार्फत, म्हणजे समोरच्याला कळू नये हिशेब कोण मागतंय. आम्हा पत्रकारांना हे वाचून घाम फुटावा. तालुक्यातल्या प्रत्येक पत्रकाराच्या डायरीत ज्याचा नंबर असतो तो 'सूत्र' कोण, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

इथवरचं बरंचसं प्रयोगशाळेतलं. खरी लढाई २००७ मध्ये लागली, आणि गंमत म्हणजे हल्लेखोर आणि राखणदार यांच्या जागाच बदलल्या.

त्या जानेवारीत युरोपात मोठं वादळ झालं आणि लगेच 'वादळात २३० ठार' अशा शीर्षकाचे ईमेल जगभर फिरले. उघडला की संगणक चोरांच्या ताब्यात. त्याला स्टॉर्म म्हणतात. तोवर असल्या टोळ्यांचा एक सर्व्हर असायचा, तो बंद केला की टोळी आंधळी. स्टॉर्मनं ओव्हरनेट नावाचं, कॅडेम्लियावर चालणारं फाइल वाटपाचं जाळं वापरलं. ओव्हरनेट चालवणाऱ्या कंपनीनं २००६ मध्येच संगीत कंपन्यांशी तडजोड करून गाशा गुंडाळला होता, पण जाळ्याला मालकच लागत नसल्यानं ते चालूच होतं! नॅपस्टरच्या अनुभवातून जी पद्धत जन्मली, तीच चोरांच्या कामी आली.

मग पोलिसांच्या बाजूच्या अभ्यासकांनी काय केलं? सिबिल! जर्मनी आणि फ्रान्समधल्या थोर्स्टन होल्त्स, मोरित्झ स्टायनर आणि सहकाऱ्यांनी स्टॉर्मचं सॉफ्टवेअर उसवून पाहिलं. बाधित संगणक रोज त्या दिवसाची तारीख आणि ० ते ३१ मधला एक आकडा घेऊन क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकावर हुकूम शोधायचा. म्हणजे दिवसाला ३२ च जागा. अभ्यासकांनी त्या जागा आधीच काढून तिथं एवढा कचरा टाकला की चोरांचा खरा हुकूम सापडेना. ज्या पद्धतीला सगळे 'हल्ला' म्हणत होते ती इथं औषध झाली.

चोरही शिकले. गेमओव्हर झ्यूस ही बँक खाती लुटणारी टोळी. तिच्या प्रत्येक बाधित संगणकाच्या वहीत एकाच वस्तीतल्या, म्हणजे एकमेकांना चिकटून असलेल्या पत्त्यांतल्या, एकालाच जागा होती. फार वेळा दार ठोठावणाऱ्याला ते काळ्या यादीत टाकायचं. सज्जनांच्या जाळ्यांत जी राखण अजून नीट आली नव्हती ती चोरांच्या जाळ्यात होती. तरी जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इतर देशांच्या पोलिसांसोबत ते पाडलं, आणि त्यातही मुख्य काम होतं त्या वह्यांत आपले पत्ते घुसवण्याचं.

दरम्यान सज्जनांची एक फजिती. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी व्हॅनिश नावाची सुंदर कल्पना मांडली. ईमेल कुलूपबंद करायचा, किल्लीचे तुकडे करून व्हूझ नावाच्या टोरेंट जाळ्यात विखरून टाकायचे. तिथं तुकडे काही तासांनी आपोआप पुसले जातात, म्हणजे ईमेल कायमचा बंद. वर्षभराच्या आत दुसऱ्या विद्यापीठांतल्या लोकांनी त्या जाळ्यात स्वस्तात सिबिल उभे केले आणि पुसले जाण्याआधीच तुकडे गोळा करून दाखवले. पुसणाऱ्यांच्या गर्दीत नक्कल करून ठेवणारा एक बसला की झालं.

डूसरच्या 'मध्यवर्ती व्यवस्था हवीच' ला एक वेगळं उत्तर याच काळात शोधलं जात होतं, आणि ते आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. ओळखपत्र नको, ओळख बघा. खोटी नावं हजार करता येतील, पण खऱ्या माणसांशी खरे संबंध हजार जोडता येत नाहीत. २००६ च्या सिबिलगार्डमध्ये हा विचार आला. २०१० मध्ये एमआयटीच्या ख्रिस लेस्निएव्स्की-लास आणि फ्रान्स काशूक यांनी यावर बेतलेलं जे जाळं मांडलं त्याला नावच दिलं 'फानाउ'. न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला शब्द, अर्थ मोठं कुटुंब, आपली भावकी म्हणा. खोट्यांची वस्ती कितीही मोठी असो, तिला खऱ्या गावाशी जोडणारे पूल थोडेच असतात, त्यामुळे वाट शोधताना त्या वस्तीत शिरण्याची शक्यता कमी. कल्पना देखणी. पण भावकीत काय काय चालतं ते ज्याला माहीत आहे तो मनातल्या मनात हसेल. शिवाय आज अनोळखी माणसाची मैत्री विनंती आपण किती विचार करून स्वीकारतो?

आता पैशाकडे येऊ, कारण आपल्या तालुक्यातही बिटकॉइनवाले निघालेत. बिटकॉइनच्या खातेवहीचं गणित भक्कम आहे, ते फोडणं अवघड. २०१५ मध्ये ईथन हाइलमन, अॅलिसन केंडलर, अविव झोहर आणि शेरॉन गोल्डबर्ग यांनी खातेवहीला हातच लावला नाही. त्यांनी वाट अडवली. बिटकॉइनचा संगणक तेव्हा स्वतःहून फक्त आठ जणांशी बोलायचा. हे आठ कोण, ते त्याच्या वहीतून निवडले जायचे. हल्लेखोरानं आपले पत्ते वहीत घुसवायचे, उरलेल्या जागा चक्क अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांनी भरायच्या, आणि संगणक बंद होऊन चालू व्हायची वाट बघायची. सुरू झाला की तो नवे आठ निवडतो, आणि आठही हल्लेखोराचे! ग्रहण लागलं. मग त्या माणसाला खोटी खातेवही दाखवा, पैसे आले असं भासवून माल घेऊन जा, त्याला पत्ता लागणार नाही. संगणक बंद कधी होणार? अपडेटला, नाहीतर वीज गेल्यावर. आमच्याकडे तर हल्लेखोराला फार वाट बघावी लागली नसती.

चूक कुठे होती पाहा. पान भरलं की जुना पत्ता काढून नव्याला जागा दिली जायची, आणि निवडतानाही ताज्या पत्त्याला झुकतं माप. कॅडेम्लियानं तेरा वर्षांपूर्वी सांगितलेल्या नियमाच्या बरोबर उलट. अभ्यासकांनी सुचवलेल्या उपायांतला एक होता, जुन्याला काढण्याआधी त्याला हाक मारून बघा. तो पुढे बिटकॉइनमध्ये आला. पानांची संख्या वाढवली. मधूनमधून वहीतल्या एखाद्या पत्त्याला नुसतं दार वाजवून यायचं, तो खरंच राहतो का बघायला, तेही आलं.

इथेरियमची गत आणखी वाईट निघाली. २०१८ मध्ये युवल मार्कस, हाइलमन आणि गोल्डबर्ग यांनी दाखवलं की तिथं दोनच संगणक असले तरी ग्रहण लावता येतं, कारण एका पत्त्यावरून हवे तितके क्रमांक काढता येत होते. एका घरात किती मतदार नोंदवावेत याला बंधनच नाही, तसं. तेही दुरुस्त केलं गेलं.

पण या सगळ्याखालचा रस्ता म्हणजे खुद्द इंटरनेट, आणि तिथंही कंपन्या एकमेकींच्या शब्दावरच वाटा ठरवतात. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं देशात यूट्यूब बंद करायला 'यूट्यूब इकडे आहे' अशी खोटी वाट आपल्या जाळ्यात लावली. ती चुकून हाँगकाँगच्या कंपनीमार्फत बाहेर पडली आणि जगातलं यूट्यूब दोनेक तास कोलमडलं. हार्वर्ड १९७३, पुन्हा. २०१७ मध्ये मारिया अपोस्तोलाकी, झोहर आणि लोरां व्हानबेव्हर यांनी दाखवलं की असल्या खोट्या वाटा लावून बिटकॉइनचं जाळंही मधोमध तोडता येतं. म्हणून २०२० च्या आवृत्तीत बिटकॉइनला हे बघायची सोय आली की आपले शेजारी कुठल्या कुठल्या कंपनीच्या जाळ्यातून बोलतात, म्हणजे सगळे एकाच रस्त्यावरचे नकोत. हे मला सगळ्यात जास्त पटलं. आठ वेगळी माणसं असून भागत नाही, ती आठ वेगळ्या वाटांनी आलेली हवीत.

आणि जानेवारी २०२१ च्या आवृत्तीत एक छोटी फाइल आली. तिचं नाव अँकर, म्हणजे नांगर. संगणक नीट बंद होताना ज्यांच्याशी बोलत होता त्यांतले दोन पत्ते तो त्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुन्हा सुरू झाला की वही उघडण्याआधी त्या दोघांना गाठतो.

ते वाचल्यावर मी माझी जुनी डायरी काढली, त्या पतसंस्थेच्या आठवड्याची. पाच नावं होती, पाच खुणा होत्या. नावापुढे 'याला कुणी सांगितलं' हा रकानाच नव्हता. तो आता आहे.

आजींच्या नातीचं लग्न झालं गेल्या मे महिन्यात. पत्रिका आली होती. मी गेलो नाही.